तीन वाजताची न्याहारी

रविवारी हाजी गोठ्यात टाय लावून यायचे. अंगात रोजचीच निळी डांगरी, पायात गमबूट, डोक्यावर रुंद काठाची गवती हॅट, आणि गळ्यात गडद लाल टाय, नीट गाठ मारलेला. गाय तपासायला वाकले की तो शेणात जाऊ नये म्हणून खांद्यावरून मागे टाकत. कतारमध्ये रविवार कामाचा आणि सुट्टी शुक्रवारची. ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाही तिथे शुक्रवारीच होतात, दोह्याबाहेर एका मोठ्या आवारात ओळीने चर्चेस आहेत तिथे. हाजी दर शुक्रवारी जात. पण देवाचा वार रविवार, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

"शुक्रवार कंपनीने दिला, रविवार देवाने," ते म्हणत. "मी दोन्ही घेतो."

हाजी हे त्यांचं नाव नव्हतं. ते टेक्सासचे, जन्माने आणि निष्ठेने बाप्टिस्ट, घरी तीन पिढ्यांचं गुरांचं रँच. आमच्या डेअरी फार्मवरच्या बांगलादेशी कामगारांनी पांढरी दाढी पाहिली, हा माणूस दारूला शिवत नाही, शिवी देत नाही, घास घेण्याआधी हॅट काढून पुटपुटतो हेही पाहिलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना हाजी करून टाकलं. मी फार्मवर आल्यावर त्यांनी मला अर्थ विचारला. मी म्हणाले, यात्रा करून आलेला माणूस. त्यांनी थोडा विचार केला.

"मी अजून परतलेलो नाही," ते म्हणाले. "पण चालेल."

मी त्या फार्मवर गुरांची डॉक्टर होते. माहेर संगमनेरकडचं, लहानपण दुधाच्या कॅनच्या आवाजात गेलेलं. नवरा मेसईदच्या खतकारखान्यात, आम्ही राहायचो दोह्यातच, बिन महमूदला. सकाळी कंपनीची व्हॅन घ्यायला यायची आणि तासाभरात शहर, मग नुसती पिवळी जमीन, मग अचानक एकाला एक लागून लांबच लांब शेड. व्हॅन चालवायचे इब्राहिमभाई, रत्नागिरीचे. पहिल्या दिवशी त्यांनीच मला बजावलं होतं, "बाई, ह्यो हाजी येगळा मानूस हाय. त्याच्याशी गाईबद्दल बोला, दुसरं काय बोलू नका. दुसरं त्याला येतच नाय."

हे अर्धंच खरं निघालं.

गाईबद्दल बोलणं त्यांना येत होतं खरं. प्रत्येक गाईच्या गळ्यात यंत्र होतं. ती किती चालली, किती वेळ रवंथ केलं, सगळं कॉम्प्युटरवर यायचं. मी सकाळी तो तक्ता घेऊन गेले की हाजी तो हातात घेत, घडी करत आणि बुटाच्या टोकाने शेणाचा पो उसवून दाखवत. "आधी हे वाच, मग ते." त्यांनी गोठ्यातून काठ्या काढून टाकायला लावल्या होत्या. गाय हलवायची तर हॅट हलवायची, तीही सावकाश. गोठ्यात कुणी पळताना दिसलं की ते स्वतः जागच्या जागी थांबत आणि तो माणूस चालायला लागेपर्यंत थांबून राहत. ओरडताना मी त्यांना कधीच ऐकलं नाही. गाईंना नावं द्यायलाही त्यांचा विरोध होता. "नाव ठेवलं की विकताना जीभ अडखळते." मात्र हजारभर गाईंचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, आणि ४१७ कशी चिडते, २०६ कशी लाडावते, हे ते शेजारणींबद्दल सांगावं तसं सांगत.

प्रार्थना ते उघड्या डोळ्यांनी करत. गुरांत वाढलेला माणूस डोळे मिटून उभा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुणासाठी कधी प्रार्थना करायची याचे वार ठरलेले होते. मी मंगळवारची. एकदा मी विचारलं, मंगळवारी माझ्याबरोबर आणखी कोण? तर कासेला दगडी झालेल्या, सड सुजलेल्या गाई. मी हसले. ते हसले नाहीत.

"दोघीही दुखणं वेळेवर सांगत नाहीत," ते म्हणाले.

घरी गणपती बसायचा तेव्हा मी त्यांना बोलावलं. दोह्यात हे घरातल्या घरात, गाजावाजा न करता चालतं. दिवाणखान्यात मखर आणि ओळखीची पंचवीस-तीस माणसं. ते आले, दारात हॅट काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या देवापुढचं मला खाता येणार नाही. खोटं खोटं खाणंही बरं नाही. पण खुर्च्या कोण उचलणार आहे?" आमच्या मजल्यावरच्या चार घरांतल्या खुर्च्या त्यांनी आणल्या, आरतीच्या वेळी बाहेरच्या जिन्यात उभे राहिले आणि नंतर सगळ्या जिथल्या तिथे पोचवल्या. माझ्या नवऱ्याला ते जरा लागलं. मला नाही लागलं. खाऊन मागे नावं ठेवणाऱ्यांपेक्षा हे बरं.

पुढे मी त्यांना खरवस नेला होता, तोही त्यांनी आधी हातात धरून ठेवला. "वासराला आधी मिळालं का?" मी म्हणाले, पोटभर. मग बोटं चाटून खाल्ला.

पण इब्राहिमभाईंचं अर्धं बोलणं खोटं ठरलं ते तीन वाजता.

रोज दुपारी तीनला हाजी ऑफिसच्या मागच्या खोलीत जात. टेबलावर डबा उघडत, उकडलेली अंडी आणि खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि समोर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून ठेवत. तीन म्हणजे तिकडे सकाळचे सात. पडद्यावर त्यांचं स्वयंपाकघर दिसायचं. बायको, मुलगा, सून आणि दोन नाती नाश्त्याला बसलेली असत. टेबलाच्या एका टोकाची खुर्ची काढून तिथे यांचा फोन उभा केलेला असे, म्हणजे हे जागेवर. सगळे मिळून प्रार्थना म्हणत, मग खात. फार्मवर आम्ही याला तीन वाजताची न्याहारी म्हणायचो. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जात, तेव्हा घरचे सहाला अंधारात उठून बसत, पण तीन म्हणजे तीनच. त्या अर्ध्या तासात गाय व्यायला आली असली तरी हाजींना हाक मारायची नाही.

सह्या घ्यायला मी दारात थांबलेली असे, त्यामुळे बरंच कानावर पडे. धाकट्या नातीचा दात कुठल्या सफरचंदात अडकला, चर्चचं छप्पर कुठे गळतं, सुनेच्या आईचा गुडघा, कुत्र्याच्या कानातली गोचीड, बिस्किटं आज कुणी भाजली आणि कडेला का करपली. त्यांना सगळं हवं असे, आणि ऐकताना चेहरा असा की जणू उद्या परीक्षा आहे. वर्षभराने कधीतरी माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट ते कधीच विचारत नाहीत. दिवसभर गाईंशिवाय न बोलणारा हा माणूस घरच्या गाईंबद्दल चकार शब्द काढत नसे. किती व्याल्या, गवत कसं आहे, काही नाही. मुलगा कधी स्वतःहून त्या बाजूला वळलाच, तर हे धाकटीला विचारत, "आणि गं, तुझा दात?"

मला वाटलं, असेल काही भांडण.

न्याहारी चुकल्याचं मला एकदाच आठवतं. ऐन ऑगस्ट होता. बाहेर शेहेचाळीस, आणि समुद्राकडून ओला वारा सुटलेला, म्हणजे घामसुद्धा सुकत नाही. पावणेतीनच्या सुमाराला व्यायला टेकलेल्या गाईंच्या शेडमधली वीज गेली. पंखे थांबले, पाण्याचे फवारे थांबले. जनरेटर सुरू झाला आणि मिनिटभरात बंद पडला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, दीड तास तरी. शेडमध्ये एकतीस गाई होत्या. दहा मिनिटांत त्या तोंडं उघडून धापा टाकायला लागल्या, जिभा बाहेर. मी एकीचा ताप पाहिला आणि आकडा हाजींना दाखवला. दीड तासाने यातल्या किती उभ्या असतील, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

रस्त्यापलीकडे पाहुण्यांचा हॉल होता. शाळेच्या सहली यायच्या, काचेतून दूध बाटल्यांत भरताना पाहायच्या, आइस्क्रीम खायच्या. गुळगुळीत फरशी, भिंतीवर हसऱ्या गाईंची चित्रं, आणि थंडगार एसी. त्याची वीज दुसऱ्या लाइनवर होती.

हाजी थेट तिथे गेले. दारावरच्या नेपाळी गार्डने हात आडवा केला. "सर, परमिशन?"

हाजींनी माझ्या हातातल्या हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर लिहिलं, 'हे मी केलं. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही,' खाली सही केली आणि त्याच्या खिशात घातलं. गार्डने झाकण खिशातून काढून वाचलं, गाईंच्या आवाजाकडे कान दिला आणि किल्ली फिरवली.

मला वाटलं आता गाई सोडतील. नाही. आधी त्यांनी कामगारांकडून आतल्या फरशीवर भुसा आणि वाळू पसरून घेतली, इंच इंच. "गाभण गाय फरशीवर घसरली तर दोन जीव जातात." उन्हाळ्यात दुपारी साडेतीनपर्यंत कामगारांना उन्हात राबवायचं नाही असा तिथला कायदा, म्हणून कामगार आत ठेवले, आणि रस्त्यावरून गाई आणायला ते आणि मी. मी कायद्यात बसते का, हे मी विचारलं नाही. यल्ला यल्ला करत इब्राहिमभाईंनी व्हॅन आडवी लावून रस्ता बंद केला. हाजी हॅट हलवत पुढे चालले. एकतीस अवजड गाई त्यांच्यामागे, एकही धावली नाही. तो साठ पावलांचा रस्ता मला संपता संपेना.

सव्वातीनला त्या सगळ्या एसीत उभ्या होत्या आणि हसऱ्या गाईंच्या चित्रांखाली शेण टाकत होत्या. एक तर आइस्क्रीमच्या काउंटरला टेकून व्यायलाच लागली. हाजी गुडघ्यावर बसून वासराचे पाय धरत होते तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. दोन पाहुणे बरोबर, इस्त्रीचे कपडे. साहेबांनी फरशीकडे पाहिलं, काउंटरकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "हे काय आहे?"

हाजींचे दोन्ही हात अडकलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांशी बोलताना हॅट डोक्यावर नको, हे ओळखून मी ती काढून घेतली. मग ते म्हणाले, "साहेब, दिवस भरलेल्या बायका आहेत. उन्हात उभ्या करू?"

पाहुण्यांपैकी एकजण हसला. साहेब नाही हसले.

एकही गाय गेली नाही. हाजींना मात्र ताकीदपत्र मिळालं, विनापरवानगी वगैरे. त्यांनी ते न वाचता सही करून परत दिलं. "बरोबरच आहे. परवानगी नव्हती घेतली." त्याच आठवड्यात शुक्रवारी प्रार्थनेहून आल्यावर ते ब्रश घेऊन हॉलमध्ये बसले आणि फरश्यांमधल्या फटी घासून काढल्या. सफाईची माणसं होती, त्यांना हात लावू दिला नाही. ती दुपारची न्याहारी चुकली म्हणून तिकडे हलकल्लोळ झाला होता. बायकोने ऑफिसात फोन केला होता, नाती रडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीनला त्यांनी सगळ्यांची एकेकाचं नाव घेऊन माफी मागितली. कारण काय ते सांगितलं, "वीज गेली होती." गाईंचा उल्लेख तेव्हाही नाही.

हे कोडं सुटलं त्यांच्या बायकोमुळे. त्या जानेवारीत महिनाभरासाठी आल्या. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, बोलक्या. इब्राहिमभाईंनी त्यांना लगेच हज्जनबाई केलं. एका शुक्रवारी मी दोघांना जेवायला बोलावलं. भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत. हाजी बाहेर माझ्या मुलीशी बोलत होते. माझी मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तर देते; यांच्याशी मात्र तिची गट्टी, कारण ते तिला वासरांचे नंबर पाठ करायला लावत. हज्जनबाई स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. भाकरी थापताना माझ्या हातांकडे पाहत म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल आम्ही पैशासाठी आलो."

मी म्हणाले, "इथे सगळे त्यासाठीच येतात. आम्हीही."

"हा नाही आला," त्या म्हणाल्या. आणि सांगायला लागल्या.

हाजींचे वडील चौऱ्याऐंशी वर्षं जगले आणि शेवटच्या दिवसापर्यंत कुंपणाशी उभे राहून यांना तार कशी ओढायची ते शिकवत राहिले. गडीमाणसांसमोर, पोराबाळांसमोर. ते गेले तेव्हा हे अठ्ठावन्न वर्षांचे होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस मालक झाला. पुढे पाच-सहा वर्षांनी एका सकाळी मुलगा गुरं एका कुरणातून दुसऱ्यात नेत होता, आणि हे कुंपणाशी उभे राहून ओरडले, असं नाही, तसं.  मुलाने हॅट काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"जेवायला आला तेव्हा याला घास जाईना," हज्जनबाई म्हणाल्या. "मला म्हणाला, आज पोराच्या तोंडावर मी माझंच तोंड पाहिलं. मी म्हटलं, मग बोलू नकोस त्याला. तर म्हणतो, घरात राहून मला ते जमणार नाही, मी स्वतःला ओळखतो. दोन महिन्यांनी इथली नोकरी शोधली. चौसष्टाव्या वर्षी. निघताना फाटकाशी पोराला म्हणाला, या जनावरांबद्दल आजपासून माझं तोंड बंद. आणि बंद म्हणजे बंद."

तव्यावरची भाकरी फुगली होती, ती मी उतरवली. मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी दोघांच्या मध्ये," त्या म्हणाल्या. "याची न्याहारी मांडते, त्याचं जेवण मांडते."

बाहेर हाजींनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, उघड्या डोळ्यांनी. त्यात माझ्या मुलीचं नाव होतं आणि ४१७चंही. पिठलं त्यांना आवडलं नाही, पण दोनदा घेतलं.

ही हकीगत मी वडिलांना फोनवर सांगितली. सांगण्यामागे हेतू होता. वडील पंचाहत्तरचे, भाऊ पंचेचाळीसचा, आणि वैरणीच्या खोलीची किल्ली अजून वडिलांच्या करगोट्याला. भाऊ दर आठवड्याला माझ्याजवळ रडगाणं गायचा. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"खुळा हाय तुझा हाजी," ते म्हणाले. "पोरगं चुकलं तर सांगायचं, बरोबर वागलं तर सांगायचं. बाप कशाला असतोय मग?"

मी तेव्हा मनात म्हणाले, जाऊ दे, यांना नाही कळायचं.

पुढच्या वर्षी वसंतात एका दुपारी मी नेहमीसारखी दारात थांबले होते. पडद्यावर नाश्ता चालू होता, पण मुलगा खात नव्हता. तो म्हणाला, "डॅड, एक सांगायचंय. आपलं गुरांचं खिल्लार विकलं. सगळं. तळं आटलंय, दुसऱ्या वर्षीही पाऊस नाही. विकत वैरण आणून किती दिवस काढणार? परवा ट्रक येतायत."

 त्या गाई हाजींच्या आजोबांनी आणलेल्या, तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. खोलीच्या भिंतीवर त्या गाईंचा एक फोटो होता, एवढंच मला माहीत. हाजींच्या हातात सोललेलं अंडं होतं. ते त्यांनी डब्यात ठेवलं.

"तुला विचार करून वाटलं ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "आज बिस्किटं कुणी केली?"

सुनेने सांगितलं, मी. मुलगा पडद्याकडे बघत राहिला. त्याला आणखी काहीतरी हवं होतं, हे मला दारातून दिसत होतं. ते त्याला मिळालं नाही. न्याहारी पूर्ण अर्धा तास चालली.

नंतर मी सहीचे कागद घेऊन त्यांना शोधत गेले. ते शेडच्या टोकाला पाण्याच्या हौदाशी उभे होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"पोराने बरोबर केलं." गाई पाणी पीत होत्या, ते त्यांच्याकडे बघत होते. "मी हे आठ वर्षांपूर्वी करायला हवं होतं. तळं तेव्हाच आटायला लागलं होतं. मला कळत होतं. पण आजोबांच्या गाई विकणारा मी व्हायचं नव्हतं मला. धाडस नव्हतं. त्याच्यात आहे. माझ्या बापापेक्षा, माझ्यापेक्षा बरा गुराखी निघाला तो."

मी म्हणाले, "मग हे त्याला सांगा की. आत्ता फोन लावा."

"शब्द दिलाय."

"दोष काढणार नाही असा शब्द दिलाय तुम्ही. कौतुक करणार नाही असा थोडाच दिलाय?"

ते वळले. मला वाटलं रागावले. पण ते विचारच करत होते, खरोखर, जणू ही वाट त्यांनी पाहिली नव्हती. मग त्यांनी मान हलवली.

"डॉक्टर, तोंड एकदा उघडलं की त्यातून आणखी काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नाही. आधी म्हणेन बरं केलंस. मग म्हणेन, पण भाव काय घेतलास? मग म्हणेन, गाभण गाई का विकल्यास? मी माझ्या बापाचा मुलगा आहे."

त्यांनी सह्या केल्या आणि ४१७ला बघायला गेले. ती लंगडत होती. त्या दिवशी त्यांनी तिच्यापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला, इतकंच. रडले वगैरे नाहीत. निदान मी पाहिलं नाही.

सहा महिन्यांत तिकडे हज्जनबाई पायरीवरून पडल्या, त्यांचं कंबरेचं हाड मोडलं आणि हाजी नोकरी सोडून घरी निघाले. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या शेडमधून एक फेरी मारली, रोजच्याच चालीने. इब्राहिमभाईंनी त्यांना विमानतळावर सोडलं. परत येऊन म्हणाले, "बाई, मी त्याला म्हटलं, आता गावी रानी जाऊन निवांत बसा. तर म्हणतो, रान हाय, पन माझं काय काम हाय तिथं ते शोधाया लागंल."

नंतर अधूनमधून निरोप यायचे. बायको काठी घेऊन चालायला लागली. मुलाने कुरणाचा मोठा भाग सौर पॅनेलच्या कंपनीला भाड्याने दिला, उरलेल्यात शेळ्या घेतल्या. हाजी शेळ्यांबद्दल बोलत का, तेवढं निरोपात नसे.

गेल्या वर्षी ते गेले. सकाळी बुटाची नाडी बांधताना. मला हे त्यांच्या मुलाने फोन करून सांगितलं, जाऊन पंधरा दिवस झाल्यावर. मी फार्मच्या प्रयोगशाळेत होते. त्याचा आवाज थेट बापाचा, फक्त घाईचा. आई बरी आहे म्हणाला, चर्च भरून माणसं आली होती म्हणाला.  

"मॅम," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. आई म्हणते तुमच्याशी ते बोलायचे. मी गुरं विकली, त्याबद्दल ते तुमच्यापाशी कधी काही बोलले का? वाईट असेल तरी सांगा. घरी आल्यावरही ते एक अक्षर बोलले नाहीत. एकदाही नाही. रिकाम्या कुरणाकडे बघत बसायचे. मी समोर गेलो की हवापाण्याचं विचारायचे."

 ते बोलणं माझ्याशी झालं होतं, माझ्याकडे पाठ करून, हौदाशी. त्यांना मुलाला सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. दिलेला शब्द त्यांचा होता. पण माझा नव्हता.

मी सांगितलं. आठ वर्षांपूर्वीचं तळं, आजोबांच्या गाई, धाडस नव्हतं, आणि शेवटचं वाक्यही, माझ्या बापापेक्षा, माझ्यापेक्षा बरा गुराखी निघाला तो. माझ्याकडून काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

पलीकडे गाडीचा आवाज येत होता, तो कुठेतरी रस्त्यात होता.

"हे शब्द त्यांचेच?" त्याने विचारलं. "का मला बरं वाटावं म्हणून..."

"मी गुरांची डॉक्टर आहे," मी म्हणाले. "पेशंटला बरं वाटावं म्हणून बोलायची मला सवय नाही."

"त्यांनी हे मला सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले. "सांगायला हवं होतं. मी त्यांना तसं म्हटलंही होतं."

 तो म्हणाला, "मॅम, एक मिनिट थांबा. मी गाडी बाजूला घेतो. आणि मग परत एकदा सांगाल का? पहिल्यापासून."

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, मग चाकांखाली खडी वाजली, मग इंजिन बंद झालं. मी पहिल्यापासून सांगायला लागले.